डंडी हिल्सची शार्डोने: दोष जागेचा होता की काडीचा?

विलॅमेट व्हॅली या खोऱ्यात शार्डोने हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष नीट पिकत नाही, हा समज 1980 च्या दशकाअखेर अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात जवळपास पक्का झाला होता. वाइन पातळ, आम्ल बोचरं, चव हिरवट. पिनो न्वार या लाल वाइनच्या द्राक्षाच्या जोरावर नाव कमावलेल्या वायनरीज शार्डोनेची बाटली पुढे करताना जरा संकोचायच्या. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कितीतरी बागा उपटल्या गेल्या, कितींवर दुसऱ्या जातींची कलमं चढली, आणि पांढऱ्या द्राक्षांत पिनो ग्री पुढे निघून गेली. हे सगळं चालू असताना त्याच खोऱ्यातली सर्वांत जुनी शार्डोने मात्र डंडी हिल्स या टेकड्यांवरच्या आयरी विनयार्ड्स या छोट्या वायनरीच्या बागेत वर्षानुवर्षं पिकत होती, आणि तिची वाइन तळघरात टिकत होती.

प्रकरण आहे ते एवढंच. उलटा पुरावा एकाच टेकडीवर उभा असताना अख्खा प्रदेश चुकीच्या निष्कर्षावर कसा पोहोचला? माझं मत आधीच सांगते: जागा योग्य होती, बहुतेकांनी लावलेली काडी, म्हणजे जिच्यापासून नवी वेल वाढवतात तो वेलीचा तुकडा, त्या जागेसाठी चुकीची होती. पण आयरीची गोष्ट सांगताना हा निष्कर्ष फार पटकन काढला जातो, आणि मधल्या गुंतागुंतीकडे दुर्लक्ष होतं. ती गुंतागुंतच मला महत्त्वाची वाटते.

हंगाम संपता संपता

आयरीचे संस्थापक डेव्हिड लेट युटा विद्यापीठातून तत्त्वज्ञान शिकून बाहेर पडले आणि दंतवैद्यक शिकण्याच्या वाटेवर होते. सॅन फ्रान्सिस्कोला आले असताना कॅलिफोर्नियातल्या नापा या वाइनच्या भागातली एक छोटी वायनरी त्यांनी पाहिली आणि दातांचा विषय तिथेच संपला. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून 1963 मध्ये द्राक्षशेतीची पदवी घेऊन ते युरोपातल्या द्राक्षभागांत फिरले. तिथून त्यांनी एक साधा सिद्धान्त पक्का करून आणला. द्राक्षाची जात अशा जागी लावावी, जिथे तिची पक्वता हंगाम संपता संपता पूर्ण होते.

याचं कारण मण्याच्या आत आहे. मण्यांत पाणी उतरलं की साखर चढू लागते आणि आम्ल, विशेषतः मॅलिक आम्ल, घटू लागतं. उन्हाळा कडक असेल तर साखर झपाट्यानं वर जाते आणि उष्ण रात्रींत आम्ल जळून जातं. सुगंध आणि सालीची पक्वता मागे पडते. थंड शरदात हे सगळं सावकाश, एकमेकांच्या बरोबरीनं होतं. मात्र त्यात एक जोखीम आहे. हंगाम अगदी काठावर असतो, त्यामुळे जात आठवडा-दोन आठवडे जरी उशिरा पिकणारी निघाली, तरी पावसात सापडते. विलॅमेट व्हॅली साधारण 45 अंश उत्तर अक्षांशावर आहे. उन्हाळा कोरडा, दिवस लांब, रात्री गार. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस ऑक्टोबर ते मे या काळात पडतो. म्हणजे तोडणी ऑक्टोबरच्या मध्यापलीकडे गेली की दर दिवशी आभाळाकडे बघत बसायचं.

डेव्हिसमधल्या जाणकारांनी लेट यांना उत्तरेकडे जाऊ नका असंच सांगितलं होतं. दंव आणि पाऊस मिळून बाग बुडवतील, हा त्यांचा अंदाज होता आणि तो निराधार नव्हता. शार्डोनेचे डोळे लवकर फुटतात, त्यामुळे वसंतातलं दंव तिला आधी गाठतं. तरीही फेब्रुवारी 1965 मध्ये लेट सुमारे 3000 काड्या घेऊन ओरेगॉनला आले. जमीन अजून ठरलेली नव्हती, म्हणून कॉर्व्हॅलिसजवळ रोपवाटिका करून त्यांनी काड्या मुळावल्या. पुढच्या वर्षी डंडी हिल्समध्ये वीस एकरांचा दक्षिणाभिमुख उतार मिळाला. तिथे आधी प्रूनची, म्हणजे सुकवण्याच्या आलुबुखाराची बाग होती. त्या भागातल्या बऱ्याच फळबागा 12 ऑक्टोबर 1962 च्या प्रचंड वादळात आडव्या झाल्या होत्या, त्यामुळे असा उतार एका तरुण जोडप्याच्या ऐपतीत बसला. डेव्हिड आणि डायना यांचं नुकतंच लग्न झालं होतं. मधुचंद्राच्या दिवसांत त्यांनी वेली लावल्या. बागेच्या माथ्यावरच्या झाडात शिकारी पक्ष्यांचं घरटं होतं, त्यावरून बागेला आयरी, म्हणजे शिकारी पक्ष्याचं घरटं, हे नाव मिळालं.

इथल्या मातीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ओलिताशिवाय बाग उभी राहिली ती तिच्या जीवावर. जोरी नावाची ही माती बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे. लोहामुळे विटकरी लाल, खोल आणि चिकण. ओली असताना बुटाला चिकटून सुटत नाही. हिवाळ्यातला पाऊस ती खोलवर धरून ठेवते आणि कोरड्या उन्हाळ्यात मुळांना तो हळूहळू मिळत राहतो. मात्र ती फार सुपीकही नाही, त्यामुळे वेल माजत नाही. टेकडीच्या पायथ्याशी चित्र वेगळं आहे. हिमयुगाच्या अखेरीस आलेल्या मिसूला महापुरांनी खोऱ्याच्या तळाशी सुपीक गाळ आणून टाकला. तिथे गहू, भाजीपाला जोमात येतो, पण द्राक्षवेल पानांतच रमते. डंडी हिल्सचा द्राक्षप्रदेश अधिकृतपणे आखताना सीमा 200 फुटांच्या उंचीवर धरली, ती याच कारणानं. शिवाय उतारावरून थंड हवा खाली वाहून जाते आणि दंव तळाशी साचतं. लेट यांनी उतार निवडला, तेव्हा अर्धा निर्णय तिथेच झाला होता.

दोन काड्या

उरलेला अर्धा निर्णय काडीचा होता, आणि त्याचं महत्त्व तेव्हा फारसं कुणाला जाणवलं नाही.

आयरीची शार्डोने नापाच्या स्प्रिंग माउंटनवरच्या ड्रेपर रँचमधून आलेल्या काड्यांची. आजही तिला ड्रेपर सिलेक्शन म्हणतात. एकाच मातृवेलीच्या हुबेहूब प्रती असा हा प्रकार नव्हे. जुन्या बागेतल्या वेगवेगळ्या वेलींवरून निवडलेल्या काड्यांमुळे लागवडीत थोडी विविधता राहते. एका वेलीचा घड शेजारणीपेक्षा लहान, एकीचे मणी किंचित आधी पिकणारे. काठावरच्या हवामानात असा मिश्र समूह फायद्याचा ठरतो, कारण एका खराब आठवड्याचा फटका सगळ्या वेलींना सारखा बसत नाही.

लेट यांच्यामागून आलेल्या बहुतेकांनी वेगळी काडी लावली. डेव्हिसमध्ये संशोधक हॅरोल्ड ओल्मो यांनी 1950 च्या दशकात शार्डोनेवर मोठं काम केलं होतं. तोवर कॅलिफोर्नियात ही जात नावाला होती; विषाणूंनी ग्रासलेली, घडात मणी न धरणारी, एकरी उत्पन्न परवडत नाही अशी. ओल्मो यांनी भरघोस फळ देणाऱ्या वेली निवडल्या, त्यांतल्या काहींवर विषाणू घालवण्यासाठी उष्णतेची प्रक्रिया झाली, आणि त्यातून जो निरोगी क्लोन, म्हणजे एकाच वेलीच्या हुबेहूब प्रतींचा वाण, बागायतदारांपर्यंत गेला तो 108 या क्रमांकानं ओळखला जातो. कॅलिफोर्नियातली शार्डोनेची भरभराट मोठ्या प्रमाणावर या कामावर उभी आहे, हे विसरता कामा नये. मोठे घड, भरपूर माल, आणि उशिरा येणारी पक्वता. उन्हाळा लांबलचक असलेल्या जागी उशीर हा गुणच. आम्ल जास्त काळ टिकतं.

हीच काडी प्रमाणित आणि विषाणूमुक्त म्हणून ओरेगॉनला गेली. निवडणाऱ्यांनी काही निष्काळजीपणा केला नव्हता. नर्सरीत स्वच्छ मिळणारी तीच होती, आणि नवी बाग लावताना कुठलाही शहाणा माणूस रोगमुक्त रोपच मागतो. पण विलॅमेटमध्ये तिचं गणित उलटलं. पिनो न्वारची तोडणी आटोपून जायची आणि शार्डोने अजून हिरवट, मोठ्या घडांच्या ओझ्याखाली साखरेची वाट पाहत वेलीवरच. मग ऑक्टोबरचा पाऊस. मग कुजण्याआधी घाईनं तोडणी, वरून साखर घालून अल्कोहोल सावरणं, आणि हिरवटपणा झाकायला नव्या ओकच्या पिंपांची चव. त्या काळातल्या ओरेगॉन शार्डोनेला जे बोल लावले जातात, त्यांतले बरेचसे या साखळीतून आलेले आहेत.

हा प्रकार पहिल्यांदा स्पष्टपणे लक्षात आला तो ओरेगॉनचेच वाइनमेकर डेव्हिड ॲडेल्सहाइम यांच्या. ते 1974 मध्ये फ्रान्समधल्या बरगंडी या वाइनप्रदेशात होते. तिथे शार्डोने आणि पिनो न्वार जवळपास एकाच वेळी पिकतात, हे त्यांनी तोडणीत प्रत्यक्ष पाहिलं. ओरेगॉनमध्ये मात्र दोघींमध्ये काही आठवड्यांचं अंतर. हवामान साधारण सारखं, जातीही त्याच. मग फरक कशामुळे? उत्तर क्लोनमध्ये होतं. पुढे ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या मदतीनं 1980 च्या दशकात फ्रान्समधून नवे क्लोन आले. रेमंड बर्नार यांच्या बरगंडीतल्या कामातून निवडलेल्या या क्लोनना अमेरिकेत डिजोन क्लोन हे नाव पडलं. शार्डोनेमध्ये 76, 95, 96 हे त्यांतले प्रमुख. लहान घड, लवकर पक्वता.

इथे एक गोष्ट मला बोचते. बरगंडीला जाऊन जे कळलं, त्याची खूण डंडी हिल्समध्येच दिसत होती. आयरीच्या बागेत शार्डोने वेळेत पिकत होती. पण एका वायनरीचा अनुभव अपवाद म्हणून बाजूला पडला. लेट यांचा हात चांगला आहे, त्यांची माती चांगली आहे, असं म्हणून. आजूबाजूच्या डझनभर बागा एकच निकाल देत असतील, तर एकट्या बागेचं म्हणणं कोण ऐकणार? पण त्या डझनभर बागांत काडी एकच होती. तेव्हा तो डझनभर वेळा मिळालेला पुरावा नव्हता. एकच चाचणी पुन्हा पुन्हा केल्यासारखं झालं होतं.

टर्कीच्या कारखान्यातली वायनरी

पहिला हंगाम 1970 चा. मॅकमिनव्हिलमध्ये टर्की पक्षी कापून साफ करण्याचा एक बंद पडलेला कारखाना होता, तिथे लेट यांनी वायनरी थाटली, आणि ती आजही तिथेच आहे. जाड भिंती, थंडावा, पाण्याचा निचरा. वाइनला लागतं ते बरंचसं आयतं मिळालं. पैशाची चणचण कायम. पिनो ग्री ही पांढऱ्या वाइनची जात अमेरिकेत पहिल्यांदा आयरीनंच लावली, आणि ती लवकर बाटलीत जाऊन लवकर विकली जायची. तिच्यासाठी लेट यांनी रीसलिंग या दुसऱ्या जातीच्या वेलींवर कलमं बांधली. जी जात या उतारावर पोट भरत नाही ती काढायला ते कचरत नव्हते, हे यातून दिसतं. शार्डोने त्यांनी ठेवली, आणि भावनेच्या भरात ठेवली असेल असं मला वाटत नाही.

शार्डोनेची वाइन करण्याची रीत साधी. ओकच्या पिंपांत फर्मेंटेशन, पण पिंपं बहुतेक जुनी, लाकडाची चव सोडून बसलेली. नंतर मॅलोलॅक्टिक, म्हणजे कडक मॅलिक आम्लाचं मवाळ लॅक्टिक आम्लात रूपांतर, आणि यीस्टच्या गाळावर काही महिने विश्रांती. थंड जागेच्या शार्डोनेत मॅलिक आम्ल इतकं असतं की ही पायरी पार पडूनही वाइनला कणा उरतो. उष्ण भागात हेच केलं की लोण्यासारखी सैल वाइन हाती येते. म्हणूनच एकाची कृती दुसऱ्यानं उचलून चालत नाही. त्या दशकांत ओरेगॉनमध्ये काहींनी कॅलिफोर्नियाची नव्या ओकची पद्धत उचलली आणि बारीक चणीच्या वाइनवर लाकडाचा बोजा टाकला. काडीइतकाच हा दोषही मोजायला हवा.

आयरीची कीर्ती झाली ती मात्र पिनो न्वारमुळे. पॅरिसमध्ये 1979 मध्ये गो-मियो या फ्रेंच खाद्य-वाइन मासिकानं भरवलेल्या चाचणीत त्यांची 1975 ची साउथ ब्लॉक पिनो न्वार पहिल्या दहांत आली. पुढच्या वर्षी बरगंडीचे वाइन-उत्पादक रोबेर द्रुआँ यांनी पुन्हा चाचणी ठेवली, त्यात ती त्यांच्याच 1959 च्या शाँबोल-म्युसिनीच्या अगदी जवळ, दुसरी. द्रुआँ कुटुंबानं 1987 मध्ये डंडी हिल्समध्ये जमीन घेतली. हे सगळं अभिमानाचं, पण शार्डोनेच्या दृष्टीनं त्यानं नुकसानही केलं असं मला वाटतं. सगळा प्रकाश एका लाल वाइनवर पडला आणि त्याच मातीतली पांढरी वाइन अंधारात राहिली.

जमिनीबद्दलचं एक काम इथे नोंदवायलाच हवं, कारण त्याशिवाय ही बाग ऐतिहासिक म्हणवून घ्यायला उरली नसती. पोर्टलँड शहर जवळ, टेकड्यांवरून दृश्य सुंदर. बंगल्यांसाठी याहून चांगली जागा कुठली? ओरेगॉननं 1973 मध्ये राज्यभर जमीनवापराचं नियोजन करणारा कायदा केला. तेव्हा लेट आणि त्यांचे सोबती बागायतदार डंडी हिल्स ज्या यॅमहिल काउंटीत (जिल्ह्यात) येतात तिच्या बैठकांना जाऊन बसले, आणि उतारांची जमीन शेतीसाठी राखून ठेवायला लावली. मोजून मूठभर वायनरीज होत्या तेव्हा. त्या काळी हे वेड वाटलं असणार.

फिलॉक्सेरा, आणि तुलनेतली गोची

विलॅमेट व्हॅलीत 1990 मध्ये फिलॉक्सेरा सापडला. मुळांचा रस शोषणारी ही बारीक कीड एकदा जमिनीत शिरली की जात नाही. युरोपीय वेलीच्या मुळांना झालेल्या जखमा सडतात आणि वेल वर्षागणिक खंगत जाते. उपाय एकच: अमेरिकी वंशाच्या प्रतिकारक्षम खुंटावर कलम. ओरेगॉनमधल्या जुन्या बागा बहुतेक स्वतःच्या मुळांवरच्या होत्या, आयरीचीही.

आता पुनर्लागवडीचं बघा. बाग उपटायचीच आहे, नवे डिजोन क्लोन नुकतेच हाती आलेत, तर 108 पुन्हा कोण लावेल? त्यामुळे तीन बदल एकाच वेळी झाले: क्लोन बदलला, खुंट आला, आणि लागवड दाट झाली. नंतर शार्डोने सुधारली तेव्हा सगळं श्रेय क्लोनला गेलं. पण रिपारिया किंवा 101-14 सारखे खुंट स्वतःच पक्वता थोडी अलीकडे आणतात. एकरी माल कमी ठेवण्याची शिस्तही तोवर रुळली होती. नव्या ओकचा अतिरेक ओसरला होता. शिवाय उन्हाळेही पूर्वीपेक्षा उबदार होत गेले. क्लोनचा वाटा यात किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

म्हणून आयरीचं उदाहरण मला मोलाचं वाटतं. तिथे डिजोन क्लोन नव्हता, खुंट नव्हता, ओलित नव्हतं, दाट लागवडही नव्हती. आणि 1970 आणि 80 च्या दशकांतले थंड, ओले हंगाम त्या वेलींनी आहे तसे सोसले. तरीही वाइन उभी राहिली. जागा नालायक असती तर हे शक्य नव्हतं. इतकं ठामपणे म्हणता येतं. पुढे जाऊन ड्रेपरची काडी 108 पेक्षा नेमकी किती सरस, हे या एका बागेवरून सांगता येत नाही, कारण लेट यांचा उतार, कमी उत्पन्न आणि जमीन न नांगरण्याची सवय हे सगळं त्या निकालात मिसळलेलं आहे.

आणि 108 ची बाजूही पूर्ण ऐकायला हवी. त्या क्लोनच्या ज्या थोड्या जुन्या बागा वाचल्या, त्यांची द्राक्षं आज ओरेगॉनमधले चांगले वाइनमेकर शोधत फिरतात. वेली म्हाताऱ्या झाल्या, माल आपोआप कमी झाला, हंगाम उबदार झाले, आणि एके काळचा दोष, तो उशीर, आता कामाला येऊ लागला.

तळघरातला पुरावा

जेसन लेट यांनी 2005 मध्ये वडिलांकडून वाइनचं काम हाती घेतलं. डेव्हिड लेट 2008 मध्ये गेले. मॅकमिनव्हिलच्या तळघरात जुन्या हंगामांचा मोठा साठा होता, अगदी पहिल्या वर्षांपासूनचा. जुनी बाटली विकताना सगळ्यांत मोठी अडचण बुचाची. एकाच हंगामाच्या शेजारशेजारच्या दोन बाटल्यांत एक सुरेख आणि दुसरी बुचामुळे बिघडलेली निघू शकते. जेसन यांनी त्यावर कष्टाचा मार्ग काढला. बाटली उघडायची, चाखायची, बिघडलेली काढून टाकायची, चांगली असेल ती त्याच वाइननं पुन्हा भरून नवं बूच लावायचं, आणि तपासलेली म्हणून तसं नोंदवायचं. हे काम हजारो बाटल्यांवर.

शार्डोनेच्या बाबतीत या कामाचं मोल वेगळं आहे. पांढरी वाइन जुनी होताना आधी हवेला शरण जाते. रंग तपकिरी, वास सुकलेल्या सफरचंदाचा. कच्च्या द्राक्षांची, साखर घालून सावरलेली वाइन पंचवीस-तीस वर्षं काढत नाही. आम्ल असतं, पण त्याला धरून ठेवणारा गाभा नसतो. आयरीच्या 1980 च्या दशकातल्या शार्डोने तपासणीतून बाहेर आल्या आणि विकल्याही गेल्या. त्या हंगामांत फळ खरोखर पिकलं होतं की नाही, याचं उत्तर तोडणीच्या नोंदींपेक्षा मी या बाटल्यांकडूनच घेईन.

आता काय लावायचं

स्वतःच्या मुळांवरची बाग फिलॉक्सेराच्या प्रदेशात कायमची राहत नाही. जमीन न नांगरणं, बाहेरची अवजारं आणि माती आत येऊ न देणं यानं कीड सावकाश पसरते एवढंच. मूळ वेल गेली तरी तिची काडी खुंटावर चढवून पुढे नेता येते, आणि माझ्या मते तेच करायला हवं: एका उत्तम वेलीच्या प्रती काढण्याऐवजी बागेतल्या अनेक वेलींच्या काड्या, त्यांच्या असमानतेसकट. सहा दशकं त्या उतारावर तगलेला समूह नर्सरीच्या यादीत मिळत नाही.

ओरेगॉनमधल्या बाकीच्या बागायतदारांपुढचा प्रश्न मात्र आता बदलला आहे. जून 2021 मध्ये पोर्टलँडला पारा 116 फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळजवळ 47 सेल्सिअसपर्यंत गेला. लवकर पिकावेत म्हणून आणलेले डिजोन क्लोन गरम वर्षांत आता सप्टेंबरच्या पूर्वार्धातच तोडणीला येऊ लागले आहेत, उन्हाचा चटका अजून असताना. लेट यांचा हंगामअखेरचा सिद्धान्त खरा मानायचा, तर त्या बागांना यापुढे उशिरा पिकणारी काडी लागेल, किंवा आणखी उंचावरचा उतार. काही जण दोन्ही करून बघत आहेत, आणि त्यांतले काही नर्सरीकडे पुन्हा जुन्या 108 ची मागणी करत आहेत.